अनुमान: एका घरातल्या चार बैठका

ख्रिस्ती विश्वास सोडून गेलेल्या एका माणसाचं हे प्रकरण मी लिहितेय ते त्याच्या आणि त्याच्या आईच्या परवानगीनं. त्याची अट अशी की नाव घालायचं नाही आणि "शेवटी मी परत आलो असं दाखवायचं नाही, कारण मी आलेलो नाही." आईची अट एवढीच की लेकाला वाईट दाखवायचं नाही. दोन्ही मान्य केल्या. त्याला इथं धाकटा म्हणते, घरात सगळे तेच म्हणतात, छत्तीस वर्षांचा झाला तरी.

मी स्वतः विश्वासणारी आहे. बेळगावात एका जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 1993 पासून संडेस्कूल घेते, धाकटा माझ्या पहिल्या वर्गातला. आमच्याकडं सकाळी मराठी उपासना होते, मग त्याच बाकांवर कन्नड उपासना, आणि घरंसुद्धा तशीच, नवरा मराठी बायको कन्नड, पोरं दोन्हीत भांडतात. लंडन मिशनच्या लोकांनी 1820 साली इथं काम सुरू केलं तेव्हापासूनची काही घराणी आहेत. सांगायचं कारण, इथं ख्रिस्ती असणं म्हणजे नुसतं रविवारी चर्चला जाणं नाही, त्यात सोयरीक आली, स्मशानभूमीतली जागा आली, नाताळाला कोण कुणाच्या घरी करंज्या पाठवतं ते आलं. यातून एक माणूस उठून "मी आता यातला नाही" म्हणाला की फक्त त्याचा आणि देवाचा प्रश्न राहत नाही, सगळ्या गल्लीचा होतो.

आता मूळ गोष्ट. धाकट्याचा थोरला भाऊ, सगळे त्याला दादा म्हणायचे, 2015 साली त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास. धाकटा उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, तो शिफ्ट बदलून घ्यायचा आणि पहाटे दादाला बाईकवर मागं बसवून न्यायचा. दादाकडं एक निळी प्लॅस्टिकची फाईल होती, त्यात सगळे रिपोर्ट, आणि कव्हरवर आतून कागद चिकटवलेला, स्केचपेननं लिहिलेलं बायबलातलं मार्क 16:18. आजाऱ्यांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील, ते वचन. ती फाईल मी कितीतरी वेळा हातात धरलीय, कोपरे घासून पांढरे झालेले.

2017 च्या पावसाळ्याआधी एक बाहेरचा प्रचारक आला. आरोग्यसभा झाली, दादाच्या डोक्यावर हात ठेवला, तेल लावलं, आणि माइकवरून सांगितलं की हा बरा झालाय. पुढच्या रविवारी दादानं आमच्याच मंडळीत उभं राहून देवानं बरं केलं अशी साक्ष दिली. लोक रडले, मीपण रडले. त्या दिवशी घरी गेल्यावर धाकटा दादाला म्हणाला, "साक्ष दिलास ते बरं केलंस, पण सोमवारचं डायलिसिस चुकवू नको." दादा म्हणाला, "म्हणजे तुझा विश्वास नाही." सोमवार चुकला, बुधवार चुकला. डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, हृदयावर येतं, हे डायलिसिसवरच्या माणसाच्या घरात पोराटोरांना पण माहीत असतं. शुक्रवारी श्वास लागला, ॲडमिट केलं, शनिवारी पहाटे गेला.

मातीनंतर तीन दिवसांनी त्या प्रचारकाचा आईला फोन आला. म्हणाला, तुमच्या घरात कुणाचा तरी अविश्वास आडवा आला. घरात दुसरं होतंच कोण. आईनं कुणाला काही म्हटलं नाही पण दोन बायकांनी ते ऐकलं होतं, आणि चार-आठ दिवसात सगळ्यांना माहीत झालं की सोमवारचं डायलिसिस चुकवू नको म्हणणारा कोण होता.

इथं बहुतेकजण चुकतात, मीपण चुकले होते. सगळ्यांना वाटतं भाऊ गेला म्हणून यानं देव सोडला, रागात सोडला. तसं झालं नाही. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं तो दर रविवारी यायचा, पेटी वाजवायचा, दादाची जागा त्यानं घेतली होती. त्या दोन वर्षांत तो वाचत होता. सुरुवात त्या फाईलवरच्या वचनापासून. मार्कच्या शेवटच्या अध्यायाला 9 पासून 20 पर्यंतच्या ओवींना एका इंग्रजी बायबलात कंस होता आणि खाली टीप, की सर्वात जुन्या हस्तलिखितांत हा भाग नाही. त्यानं शोधलं. चौथ्या शतकातली दोन मोठी हस्तलिखितं, सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस, दोन्हींत मार्क आठव्या ओवीला थांबतो, स्त्रिया थडग्यापासून भिऊन पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, तिथं. म्हणजे दादाच्या फाईलवरचं वचन नेमकं त्या तुकड्यातलं होतं. मग तो पुढं वाचत गेला, येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतचं मरण मत्तयात एक आणि प्रेषितांच्या कृत्यांत दुसरं, येशूच्या वंशावळी दोन तऱ्हेच्या, शमुवेलाच्या पुस्तकातली अमालेकांची कत्तल. यातलं काही नवीन नाही, हजार वर्षं लोक यावर लिहितायत, उत्तरं पण लिहितायत. पण त्यानं दोन पाळकांना, म्हणजे पास्टरांना, आणि मंडळीच्या एका पंचाला विचारलं आणि तिघांनी सांगितलं प्रार्थना कर.

2019 च्या ईस्टरला प्रभुभोजनाचा ट्रे फिरत त्याच्यापाशी आला, द्राक्षरसाच्या त्या छोट्या ग्लासांचा, आणि त्यानं दोन्ही हातांनी धरून न घेता शेजारच्याकडं सरकवला. मी मागच्या बाकावर होते. त्यानंतर तो आला नाही.

गल्लीत काय काय बोललं गेलं ते थोडक्यात सांगते कारण त्यात खरं काही नव्हतं. कुणी म्हटलं जातीच्या सर्टिफिकेटासाठी सोडलं. 1950 च्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना आहे, ख्रिस्ती झालेल्या दलितांना नाही, हे खरं, आणि त्यात किती घरं पिचलीत तेही खरं, पण यानं कुठला अर्ज केलेला नव्हता. दुसरीकडं गणपती मंडळाच्या पोरांना वाटलं हा आता आपल्यातला, वर्गणीचं पुस्तकच हातात द्यायला आले, त्यांना त्यानं सांगितलं की बाबांनो मी तिकडून निघालोय, इकडं आलेलो नाही. हे कुणाला समजत नाही आमच्याकडं. माणूस कुठंतरी असायलाच पाहिजे.

बैठका ठरल्या 2023 साली, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत. आई एकाहत्तरची, खानापूरकडची, शिवणकाम करून दोन पोरं वाढवलेली. ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही त्याला शिकवलंय. त्याला फकस्त एवढं इचारा, माझ्या मातीला तो गाणार का न्हाई. दादा असता तर त्यानं गायलं असतं." मी म्हटलं तुम्हीच विचारा की. म्हणाली, "मला भ्या वाटतंय, न्हाई म्हणाला तर?"

मग मीच धाकट्याला फोन केला. तो म्हणाला या, पण पंचांना पण आणा, मागं बोलण्यापेक्षा समोर बोलू दे.

पहिली बैठक वीस मिनिटांत मोडली. आई, मी, काका म्हणजे आमचे ज्येष्ठ पंच, रेल्वेतून रिटायर झालेले, आणि युवक संघातला त्याचा जुना मित्र. त्याच्या बायकोनं चिरमुरे आणि चहा आणून ठेवला, ती गोकाककडची, कन्नड घरातली, फार बोलत नाही. काकांनी प्रार्थनेनं सुरुवात केली आणि सरळ योहानाचं पहिलं पत्र उघडलं, दुसरा अध्याय एकोणिसावी ओवी. ते आपल्यातून निघाले तरी ते आपले नव्हते. वाचून झाल्यावर म्हणाले, "हे बघ बाळ, मी काय रागानं बोलत नाही, पण शास्त्र स्पष्ट आहे. जो खरा तारलेला असतो तो जात नाही. तू गेलास म्हणजे तू कधी आपल्यात नव्हतासच." धाकटा त्यांच्याकडं बघत बसला. मग चहाचा कप खाली ठेवला, चावी घेतली, आणि बाईक काढून गेला. आई पदर तोंडाला लावून बसली.

मला माहीत होतं की काकांच्या मनात विष नव्हतं. त्यांना ते वाक्य आधार देत होतं, कारण खरा विश्वासणारा जाऊ शकतो असं मानलं तर उद्या आपलं काय, आपल्या नातवंडांचं काय. पण ते वाक्य काय करतं बघा. माणसाची वीस-पंचवीस वर्षं एका फटक्यात खोटी ठरवतं. त्याच्या लहानपणच्या प्रार्थना, उपास, दादासाठी पहाटे गुडघ्यावर बसलेला तो, सगळं नाटक. आणि माणूस म्हणतो, जे माझं सगळ्यात खरं होतं तेच तुम्ही नाकारताय तर मी कशावर बोलू. निघून गेलेल्या कितीतरी जणांकडून मी हेच ऐकलंय, की नरकाची भीती घातली ते सोसलं पण 'तू कधी नव्हतासच' हे सोसलं नाही.

त्या रात्री मी कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं. संडेस्कूलचं, लांबडं, वरचा पुठ्ठा सुटलेला, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला. 1993 ते 2003. त्याच्या नावापुढं लाल शाईनं हजर, हजर, हजर. दहा वर्षांत अकरा गैरहजेऱ्या, त्यातल्या चार कांजिण्यांच्या. पाठांतराच्या रकान्यात एकदा मी लिहिलेलं, "स्तोत्र 103 पूर्ण, एकही चूक नाही, रडत म्हटले." का रडला होता ते मला आठवत नाही. आणि बक्षीस समारंभाच्या पानावर सही कुणाची तर काकांची, त्या वर्षी ते सेक्रेटरी होते.

दुसऱ्या बैठकीला मी ते रजिस्टर नेलं आणि प्रार्थनेच्या आधीच काकांच्या मांडीवर ठेवलं. काही बोलले नाही, फक्त पान काढून दिलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "सही माझीच आहे." धाकट्याला तेवढं पुरलं. तो म्हणाला, "काका, मी खरा होतो. एवढं धरून चालणार असाल तर बोलतो."

मग त्यानं जे मांडलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्यानं मुलीच्या वहीतलं एक पान फाडलं आणि चार खाने आखले. म्हणाला, "आमच्यात एखादा जॉब रिजेक्ट झाला की फोर एम बघतात. मॅन, मशीन, मटेरिअल, मेथड. ऑपरेटर चुकला का, मशीन चुकलं का, माल खराब होता का, पद्धतच चुकीची होती का. चारही खाने तपासल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करू शकत नाही, ऑपरेटर गरीब आहे म्हणून त्याच्यावर ढकललं तर माझी नोकरी जाईल. दादा गेला तेव्हा तुम्ही एकाच खान्यात टिक केली. मॅन. आणि तो मॅन मी होतो. प्रचारकाची मेथड कुणी बघितली? वचन कुठून आलं ते मटेरिअल कुणी बघितलं? आणि ज्याच्याकडं प्रार्थना जाते म्हणता, तो खाना तर उघडायलाच बंदी." त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो पेन्सिलनं त्या खान्यावर हळूहळू ठोके देत होता.

मित्रानं मध्येच इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय काढला, एकदा प्रकाश मिळून पतन पावलेल्यांना परत आणणं अशक्य, वगैरे. धाकटा म्हणाला, "मग तू इथं कशाला आलायस? अशक्य असेल तर चहा पिऊन जा." मित्र गप्प झाला. नंतर त्यानं मोबाईलवरचे दोन-चार व्हिडिओ दाखवायचा प्रयत्न केला, विश्वाची रचना, डोळ्याची रचना, ते कुणी बघितले नाहीत.

त्याच बैठकीत बाबा पदमनजींचा विषय निघाला, काकांनीच काढला. पदमनजी 1831 साली बेळगावातच जन्मले, इथल्या मिशन शाळेत शिकले, 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला, मराठी ख्रिस्ती साहित्यात त्यांच्याएवढं काम थोड्यांनी केलंय. काका म्हणाले तो माणूस किती शोधून, किती वाचून प्रभूकडं आला बघ. धाकटा म्हणाला, "तेच म्हणतोय मी. ते घरच्यांच्या धर्माबद्दल प्रश्न विचारून, पुस्तकं वाचून, आईबापाला दुखवून इकडं आले. त्याला आपण सत्याचा शोध म्हणतो, संडेस्कूलमध्ये शिकवतो. मीपण तेवढंच केलं, फक्त दार उलट्या बाजूला उघडलं. मग ते घमेंड कसं होतं?" मला याचं उत्तर आजही पूर्ण देता येत नाही. मी मानते की तो ज्या दारानं बाहेर गेला तिथं बाहेर काही नाही आणि पदमनजी ज्या दारानं आत आले तिथं कुणीतरी होता. पण शोधण्याची रीत त्या दोघांची सारखीच होती, हे मला कबूल करावं लागलं आणि मी तिथंच केलं. काकांना आवडलं नाही.

तिसऱ्या बैठकीला नवे पाळक आले. धारवाडकडचे, मातृभाषा कन्नड, मराठी बोलतात पण कन्नड शब्द मध्ये येतात, आमच्याकडं सगळ्यांचंच तसं. शांत माणूस. बसले, पाणी प्याले, आणि धाकट्याला म्हणाले, "मी काय शिकवायला आलो नाही. तुमचं अनुमान काय आहे ते मला आधी सांगा."

धाकटा जरा सावरून बसला. म्हणाला, "माझं अनुमान असं की प्रार्थना ऐकणारं कुणी नाही. येशू नावाचा मोठा माणूस होऊन गेला, पण तो मेलेल्यातून उठला असं मला वाटत नाही. हे सगळं बघून, तपासून, चार वर्षं विचार करून काढलेलं अनुमान आहे."

पाळकांचा चेहरा एकदम उतरला. त्यांना वाटलं होतं माणूस म्हणेल मला इथं अडतंय, तिथं समजत नाही. हा तर निकालच वाचून दाखवत होता. दोन मिनिटं कुणाला काय झालं ते कळलं नाही. मग दाराशी उभी असलेली धाकट्याची बायको म्हणाली, "पास्टर, आमच्यात अनुमान म्हणजे डाउट. ह्यांच्यात अनुमान म्हणजे, डाउट संपल्यावर जे उरतं ते."

मला वाटतं या सगळ्या प्रकरणाचं मर्म त्या बाईच्या वाक्यात होतं. कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय, मराठीत अनुमान म्हणजे निष्कर्ष. शब्द एकच. आम्ही सगळे, मी धरून, चार वर्षं त्याच्याशी कन्नड अनुमानावर बोलत होतो. तो बसला होता मराठी अनुमानावर. आम्ही त्याला शंकेत सापडलेला, भटकलेलं मेंढरू, मागं घसरलेला असं धरून औषध देत होतो आणि तो म्हणत होता मी आजारी नाही, मी एका ठिकाणी पोचलोय, तुम्हाला ते ठिकाण चुकीचं वाटत असेल तर चूक दाखवा.

मी त्या दिवशी पिशवीतून बरंच काही घेऊन गेले होते. स्तोत्र 88, जे अंधारातच संपतं, शेवटी सुद्धा उजेड नाही. पंडिता रमाबाईंची गोष्ट, 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊनसुद्धा त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या मुद्द्यावर तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून भांडल्या, पटल्याशिवाय मान डोलावणार नाही म्हणाल्या. मदर तेरेसांची 2007 मध्ये छापली गेलेली पत्रं, त्यात त्यांनी वर्षानुवर्षं देव जाणवत नाही असं लिहून ठेवलंय. मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप, विश्वास धरतो पण माझा अविश्वास घालव म्हणणारा. मी एकेक सांगत गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कधी मध्ये बोलला नाही, मग म्हणाला, "बाई, हे फार चांगलं आहे. पण हे संशयात असलेल्या माणसाचं आहे. मी संशयात होतो 2017 ते 2019. तेव्हा मी दर रविवारी तुमच्या पुढच्या बाकावर बसत होतो. तेव्हा हे मला कुणी दिलं नाही."

मी काय बोलणार. खरं होतं ते. त्या दोन वर्षांत मी त्याला दर रविवारी विचारायची, काय रे, बरा आहेस का, आई बरी आहे का. तो होय म्हणायचा आणि पेटीकडं जायचा. मी कधी दुसरा प्रश्न विचारला नाही.

मार्कच्या शेवटाबद्दल पाळक नीट बोलले. त्यांनी मान्य केलं की जुन्या हस्तलिखितांत तो भाग नाही, सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणात, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. मग म्हणाले पण दुसरी बाजू पण ऐका, दुसऱ्या शतकात इरेनियस नावाचा बिशप त्यातली एकोणिसावी ओवी मार्कची म्हणून उद्धृत करतो, म्हणजे तो भाग फार जुना आहे, आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना फक्त तिथं नाही, याकोबाच्या पाचव्या अध्यायात पण आहे. धाकटा म्हणाला याकोबाचं मला माहीत आहे, इरेनियसचं माहीत नव्हतं, बघतो. आणि खरंच त्यानं मुलीच्या त्याच वहीत नाव लिहून घेतलं. मग त्यानं विचारलं, "पास्टर, सेमिनरीत पहिल्या वर्षी शिकवतात ते मंडळीला का सांगत नाहीत?" पाळक म्हणाले, "लोकांचा विश्वास हलेल म्हणून." धाकटा म्हणाला, "माझा भाऊ न हललेल्या विश्वासानं गेला."

कुणी काही बोललं नाही. बाहेर दुधाची गाडी आली होती, तिचा हॉर्न वाजत होता. पाळक निघताना चपला घालता घालता म्हणाले, "कन्नडमध्ये आम्ही प्रीती-विश्वास म्हणतो. तिथं विश्वास म्हणजे जिव्हाळा. तुमचा मराठी विश्वास नसला तरी कन्नड विश्वास आहे न्हवं आमच्यावर?" धाकटा पहिल्यांदाच मोकळा हसला, म्हणाला, "तो आहे की."

चौथी बैठक गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी. त्या दिवशी कुणीच बायबल उघडलं नाही. काकांनी येताना सांगितलं होतं की आज मी वाचणार नाही. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली आणि त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले, आणि तोंड उघडल्यावर बिघडलं, शेवटी देवानं त्यांनाच बोल लावला की ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. काकांना हे पाठ होतं, अर्ध्या जन्माचं. पण ते स्वतःवर लागू करायला त्यांना तीन बैठका लागल्या, हे तेच म्हणाले.

मग ते धाकट्याला म्हणाले, "दादानं साक्ष दिली त्या दिवशी माइक मी धरला होता. मला डायलिसिसचं माहीत होतं. डॉक्टरांना विचारलंस का, एवढं एक वाक्य मला विचारता आलं असतं. लोक टाळ्या वाजवत होते, मी विचारलं नाही. तुझ्यावर बोट दाखवलं तेव्हा पण मी गप्प बसलो, कारण तू नसतास तर ते बोट माझ्याकडं आलं असतं. मला क्षमा कर." आणि ते रडायला लागले, पंचाहत्तर वर्षांचा माणूस, हातातला रुमाल पिळत.

धाकटा उठून त्यांच्या शेजारी खाली बसला. म्हणाला, "काका, मीपण एक सांगतो. गेल्या वर्षी पोरगी आजारी होती, आई तिच्या उशाशी प्रार्थना करत होती, तेव्हा मी पोरीसमोर बोललो की त्यापेक्षा थर्मामीटर लाव. आईला ते लागलं. मी जिंकल्यासारखं बोललो. तसं बोलायला नको होतं." आई म्हणाली, "थर्मामीटर लावलाच हुता मी, तुला दिसला न्हाई."

आता कुठं काय आहे ते सांगते. तो परत आलेला नाही. मुलीच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न तसाच आहे, आई म्हणते व्हायला पाहिजे, तो म्हणतो ती सोळाची होऊ दे आणि स्वतः ठरवू दे, बायको दोघांचं ऐकून घेते. मुलगी आज्जीबरोबर संडेस्कूलला येते, माझ्याच वर्गात आहे, तो बाईकवर सोडतो आणि फाटकापाशी थांबतो. मंडळीत एक गोष्ट बदलली, आणि ती मला फार मोठी वाटते. बरं झाल्याची साक्ष कुणाला द्यायची असली तर आधी पंच विचारतात, औषध चालू आहे का, डॉक्टर काय म्हणाले, आणि औषध बंद केलं असेल तर माइक मिळत नाही. काकांनीच हे पंचांच्या मिटिंगमध्ये मांडलं, दोघांनी विरोध केला, बाकीच्यांनी पास केलं. नवे पाळक मार्कवर बोलताना आता त्या कंसाविषयी सांगतात. एक कुटुंब त्यामुळं दुसऱ्या मंडळीत गेलं. पाळकांना वाईट वाटलं पण त्यांनी सांगायचं थांबवलं नाही.

मी माझ्यापुरतं एक केलंय. पुढच्या बाकावर गप्प बसणारा कुणी दिसला की मी दुसरा प्रश्न विचारते. बरा आहेस का याच्या पुढचा. कधी कधी पोरं चिडतात, विचारू दे म्हणते मी, चिडले तरी चालेल.

आईचा प्रश्न राहिला. तिनं तो चौथ्या बैठकीच्या शेवटी, सगळे उठायला लागल्यावर, भांडी गोळा करता करता विचारला, तोंड दुसरीकडं करून. "माझ्या मातीला गाणार का रं तू?"

धाकटा म्हणाला, "गाईन की. दादाचं गाणं तेच गाईन, सगळी कडवी. पण प्रार्थनेच्या वेळी मी डोळे मिटणार नाही आई. चालेल?"

आईनं कप ट्रेमध्ये ठेवले. म्हणाली, "उघडेच ठेव. मला खाली सोडताना दोरी नीट धरायला कुणीतरी पायजे."